वहीत दाबलेली पानं

५ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून हसशील. फोन हातात असताना ही बया पत्र कशाला लिहिते, असं वहिनीला विचारशीलही. कारण सांगते. फोनवर तू बरं बरं म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला मात्र तू उत्तर देतोस. मी वसतिगृहात होते तेव्हाही द्यायचास, चार ओळींचं का असेना.

बातमी वाईट आहे. आमच्या मासिकातल्या माझ्या ‘काचेआड’ सदरात गेल्या महिन्यात मी ज्या टोपीवाल्या काकांवर लिहिलं, त्यांचं ग्रीनहाऊस काल रिकामं झालं. रोग निघाला. नवी पानं दोरीसारखी अरुंद, जुन्यांवर फिकट जाळी, टोमॅटोवर तपकिरी चट्टे. औषध नाही, फवारणी नाही. सगळी झाडं उपटायची, पिशव्यांत बांधायची आणि जाळायची, एवढंच करता येतं. काका दाराशी उभे होते. कपडेही जाळायचे असतात म्हणून त्यांची टोपीसुद्धा पिशवीत गेली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना बोडकं पहिल्यांदा पाहिलं. मी आपलं डास फार आहेत का असं काहीतरी विचारलं.

रोगतपासणीच्या बाई तिथेच होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की हा रोग वाऱ्यानं येत नाही, माणूस आणतो. हातावरून, चाकूवरून, कपड्यांवरून, कागदावरूनसुद्धा. सुकलेल्या पानात तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. हे ऐकलं आणि मला खांद्यावरच्या पिशवीतली वही आठवली.

माझी सवय तुला ठाऊक आहे. ज्या ग्रीनहाऊसमध्ये जाते तिथलं एक पान खुडते, मुलाखतीच्या पानावर दाबते, खाली तारीख आणि ओळीचा आकडा घालते. लिहायला बसले की वही उघडायची, वास घ्यायचा, मग ती जागा डोळ्यांसमोर उभी राहते. तीच वही, तीच बोटं घेऊन मी पुढच्या माणसाच्या झाडांत शिरते. गेल्या वर्षी बाहेरचं फळ आत आणू नका, चाकू धुतल्याशिवाय झाडाला लावू नका, असा अख्खा लेख मीच लिहिला होता. जगाला शहाणपण शिकवलं आणि वहीचं काही डोक्यात आलं नाही.

आता खरं भय सांगते. सहा फेब्रुवारीला मी काकांकडे होते. अकराला तुमच्या ग्रीनहाऊसमध्ये आले आणि दुपारभर वहिनीबरोबर चौथ्या-पाचव्या ओळीत टोमॅटोच्या झाडांना दोऱ्या बांधल्या. न धुतलेल्या हातांनी. दादा, त्या दोन ओळी एकेक झाड करून बघ. शेंडे बघ. त्याआधी चार तारखेला आले होते तेव्हा मी सातव्या ओळीत शिरले तर केवढ्यांदा ओरडला होतास, जसं काही मी तुझी तिजोरी फोडली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, रोजच ओरडायला हवं होतंस. तरी तुझी पाठ वळल्यावर तिथलं एक पान मी घेतलंच. जरा निराळं, शिडशिडीत होतं म्हणून आवडलं.

वहिनीला नमस्कार. कळावे. लोभ आहे तो तसाच राहू द्यावा, आणि आधी चौथी-पाचवी ओळ पाहावी, मग चहा घ्यावा, ही विनंती.

तुझी,
पेन्सिल

९ मार्च

चि. पेन्सिलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. असल्या अक्षरावर मासिकवाले पगार देतात याचं नवल वाटतं.

चौथी आणि पाचवी ओळ पाहिली. झाडं ठणठणीत आहेत. तुझ्या वहिनीनंही पाहिली. तेव्हा उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. लहानपणी ताप आला की तू मरणार म्हणून वाटण्या करत बसायचीस, तसलाच हा प्रकार आहे. तुझी शिसपेन्सिलींची पेटी मला तीनदा वारशात मिळाली होती आणि तीनदा तू परत घेतलीस.

तुझा तो चाकूवरचा लेख मी काही वाचलेला नाही. तुझे लेख वहिनी वाचते. मला त्या मासिकाचा कागद फळं गुंडाळायला बरा पडतो.

वहीबद्दल कुणाकडे बोलू नकोस. विचारलं नसताना सांगायचं कशाला? नोकरी जाईल आणि काकांची झाडं काही परत येणार नाहीत. सातव्या ओळीतलं पान घेतलंस हे तेव्हा बोलली नव्हतीस. कशाला घ्यायचं? असो.

इथे गडबड आहे. २६ तारखेला रोपं निघायची आहेत. यंदा एकवीस ग्रीनहाऊसवाल्यांनी आपल्याकडे रोपं सांगितली आहेत, इतके आजवर कधी नव्हते. ट्रे ठेवायला जागा पुरेना म्हणून पॅकिंगच्या टेबलाखालीही मांडलेत. ही रोपं चांगली लागली की पुढची पाच वर्षं कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. तेवढं होऊ दे.

जेवणखाण वेळेवर कर. कळावे, आणि काळजी करायचं काम माझ्याकडे सोपवावे.

तुझा,
दादा

१३ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस शांत झोपले. तिसऱ्या दिवशी जुळ्या बहिणींकडे रोग निघाला.

त्या तुला आठवत असतील, ढोबळी मिरचीवाल्या. एक बोलते आणि दुसरी मान डोलावते.  काल मी गेले तेव्हा मान डोलावणारी शेवटच्या ओळीत पालथ्या बादलीवर बसून मिरच्या खुडत होती. त्या आता विकायच्या नाहीत, खायच्या नाहीत, तरी खुडत होती. हाताला चाळा हवा म्हणून असेल. मला बघून तिनं बसायला दुसरी बादली सरकवली. दादा, तिनं मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

तपासणीच्या बाईंनी फाटकावरचं पाहुण्यांचं रजिस्टर मागवलं. काकांकडचंही त्यांच्याजवळ होतं. दोन्ही शेजारी ठेवली आणि बोट खाली खाली नेत गेल्या. दोन्हींत असलेलं नाव एकच निघालं. माझं. सहा फेब्रुवारीला काकांकडे, नऊला बहिणींकडे. त्या काही रागावल्या नाहीत. शांतपणे विचारलं की आत जाताना हातात काय होतं. मी सांगितलं, नुसतं पेन. वही खांद्यावरच्या पिशवीत होती आणि मी ती कोपरानं घट्ट दाबून उभी होते. शाळेतसुद्धा इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

वर संपादकांनी एप्रिलच्या अंकासाठी मलाच लेख सांगितला आहे. रोग आला कुठून, याचा. बावीस तारखेला हवा. त्यांना वाटतं, सगळीकडे फिरलेली मीच, तेव्हा माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! खरंच आहे ते. रोज टेबलाशी बसते, तारीख घालते आणि उठते. भीती म्हणजे नुसती नोकरीची नाही. त्या बादलीवर बसलेल्या बाईला कळेल तेव्हा ती माझ्याकडे कशी पाहील, याची वाटते. आणि आणखी कोणाकोणाकडे मी हे नेऊन ठेवलं असेल त्याची.

म्हणून ठरवलं आहे. वही बाईंना नेऊन द्यायची, खोटं बोलले ते कबूल करायचं आणि सगळी पानं तपासायला सांगायची. सुकलेल्या पानावरूनही कळतं म्हणे. कुठल्या तारखेच्या पानात रोग आहे ते पाहिलं की तो आधी कुठे होता हेही उघड होईल. या वहीत काकांच्या आधीचं पान एकच आहे, तुझं, चार फेब्रुवारीचं. ते स्वच्छच निघेल, म्हणजे तुझ्यापुरता तरी माझ्या जिवाला घोर राहणार नाही.

वहिनीला नमस्कार. कळावे. लोभ असेल तेवढा सगळा आत्ता लागणार आहे, तो द्यावा.

तुझी,
पेन्सिल

१६ मार्च

चि. पेन्सिलीस,
आशीर्वाद.

वही जाळून टाक. आजच. पानं वेगळी काढत बसू नकोस, अख्खी जाळ.

तुला वाटतं तू फार खरेपणा करते आहेस. तू दुसऱ्यांच्या ताटात माती कालवते आहेस. तपासणीची बाई एकदा कुणाच्या दारात आली की सगळं उपटल्याशिवाय जात नाही. मी बावीस वर्षं त्या छपराखाली घालवली आहेत. एका पानासाठी तू ते पणाला लावणार असशील तर तसं सांग, म्हणजे मलाही कळेल माझी बहीण कोण आहे.

फोन करू नकोस. वहिनी जवळपास असते.

दादा

१७ मार्च

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार वि. वि.

ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण पाकीट पेटीत टाकून आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसून राहिले, म्हणून समजलं की बरं लिहिलेलं नाही. मी हे ह्यांना न सांगता लिहिते आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच करते आहे. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

तुम्ही चार फेब्रुवारीला आला होतात, त्याच्या दोन दिवस आधी ह्यांनी सातव्या ओळीतली अकरा झाडं उपटली. मी विचारलं तर म्हणाले, पाण्याची नळी तुंबली होती, झाडं सुकली. पण ती सुकलेली नव्हती, वन्सं. मी पाहिली होती. शेंड्याची पानं सुतळीसारखी झाली होती. ह्यांनी ती बॉयलरच्या खोलीमागे खड्डा करून पुरली आणि त्यावर जुने ट्रे रचून ठेवले. कामावरच्या बायकांना त्या ओळीत जायची बंदी केली. मी नळीवर विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

तेव्हापासून हे घास मोजून जेवतात. बोलता बोलता थांबतात. परवा रोपांच्या ट्रेजवळ भिंग घेऊन वाकलेले दिसले, मला पाहताच भिंग खिशात टाकलं. तुम्ही चौथी-पाचवी ओळ बघायला सांगितलीत, तर हे मलाही घेऊन गेले आणि मोठ्यानं म्हणाले, बघ, काही नाही. सहाव्या ओळीच्या अलीकडूनच परत फिरवलं मला.

हे वाईट नाहीत. घाबरलेत. मीही घाबरले आहे. रोपं निघू नयेत असं वाटतं आणि न निघाली तर पुढे काय, याचीही धास्ती वाटते. ह्यांना मी समोरासमोर विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकाल. लहानपणापासून हे तुमच्यापुढेच हरतात.

हे पत्र कुठे ठेवू नका. मी लिहिलं हे कळलं तरी चालेल, पण माझ्या आधी तुमच्याकडून कळू नये. कळावे, आणि आजवर केलीत तशीच माया पुढेही करावी.

तुमची,
वहिनी

२० मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून पुन्हा पत्र. वही मी जाळलेली नाही.

मागचं पत्र हातात घेऊन मला तुझी भीती वाटली. तुझी, दादा! अंधाऱ्या जिन्यातून जाताना ज्याचा सदरा धरायचे त्याची. मग चार फेब्रुवारीची ती ओरड आठवली, आणि शिडशिडीत पान आठवलं, आणि समजायचं ते समजलं. आपण दोघांनी एकच केलं आहे. तू सातवी ओळ दडवलीस, मी वही कोपराखाली दडवली. मी काही तुझ्याहून बरी नाही. तुझ्या ओळीतून ते पान मी उचललं, काकांकडे नेलं, तिथून बहिणींकडे नेलं. चौदा हजार झाडं गेली त्या दोन ठिकाणी.

काल बाईंकडे गेले. वही त्यांच्या टेबलावर ठेवली, खोटं बोलले होते ते सांगितलं. त्यांनी हातमोजे घातले, वही पिशवीत घातली आणि मला पाणी दिलं. मग संपादकांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, लेख तूच लिही, सदराचं पुढे काय ते नंतर बघू. तेव्हा लेख लिहिला आहे. पहिलं वाक्य, रोग माझ्या वहीतून फिरला. काकांचं आणि बहिणींचं नाव घातलेलं नाही, माझं घातलं आहे.

एक पान मात्र वहीत नव्हतं. चार तारखेचं पान मी आधीच काढून घेतलं. ते माझ्यासमोर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. बाईंनी पानं मोजली, एक जागा रिकामी दिसली, डिंकाचा डाग होता तिथे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं नाही. मीच सोमवारपर्यंत येते म्हणाले.

दादा, हे पान मी देऊ शकते. दिलं तर रोग तुझ्याकडून निघाला हे मी सांगितलं असं होईल. तू स्वतः बाईंना बोलावलंस तर तू सांगितलंस असं होईल. माझ्या लेखी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेखात एक परिच्छेद मोकळा सोडला आहे. संपादकांकडून पंचवीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतली.

पण सव्वीसला ते ट्रे निघता कामा नयेत. एकवीस घरं आहेत ती. त्यातल्या कोणाकडे बादलीवर बसून खुडत राहणारं माणूस असेल, ते मी पुन्हा बघू शकणार नाही. सोमवारी दुपारपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही तर मी पान घेऊन जाईन. रडत जाईन, पण जाईन. मग तू मला बहीण म्हण किंवा म्हणू नकोस.

खूप भीती वाटते. तुलाही वाटत असेल. एकट्यानं नको घाबरूस एवढंच म्हणते.

कळावे. लोभाचं काय ते आता तुझ्या हातात.

पेन्सिल

२४ मार्च

चि. पेन्सिलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुला परवा एवढंच सांगितलं की पान घेऊन धावू नकोस, मी बाईंना बोलावलं आहे. पुढचं बोलता आलं नाही. लिहून येईल असं वाटतं.

बाई शनिवारी सकाळी आल्या. मी त्यांना आधी बॉयलरच्या खोलीमागे नेलं आणि ट्रे बाजूला करून खड्डा दाखवला. तुझी वहिनी मागे उभी होती. तुला लिहिलेल्या पत्राचं तिनंच मला सांगितलं होतं, आदल्या दिवशी, जेवताना. मी रागावलो नाही. घास गिळता आला, दीड महिन्यात पहिल्यांदा.

सहावी ते नववी ओळ, चारींत रोग आहे. रोपांच्या दोन ट्रेमध्येही आहे, टेबलाखालच्या. बाकीच्यांत दिसत नाही, पण सगळेच जाणार. कालपासून उपटणं चालू आहे. एकवीस जणांना मी एकेक करून फोन केला. एकानं शिव्या दिल्या. दोघांनी नुसता ठेवून दिला. एकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवलास का. त्याच्यापुढे मला रडू आलं, तेवढं लेखात घालू नकोस. टोपीवाल्या काकांकडे परवा जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

तुझ्या मोकळ्या परिच्छेदासाठी खाली लिहून देतो. काटछाट करू नकोस, गोड तर मुळीच करू नकोस. माझं नाव घाल.

एकोणीस जानेवारीला मी उत्पादकांच्या मेळाव्याला गेलो होतो. तिथे पाहुण्यांना लांबट टोमॅटोची एक पेटी देत होते. मी ती घरी आणली. पॅकिंगच्या टेबलावर बायकोला जात दाखवायला म्हणून खिशातल्या चाकूनं एक टोमॅटो कापला. चवीला बरा होता. चाकू विजारीला पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चाकूनं सातव्या ओळीतले फुटवे काढले. तेरा दिवसांनी अकरा झाडांचे शेंडे बारीक झाले. मी ओळखलं. ओळखलं नाही असं स्वतःला सांगितलं. झाडं पुरली आणि गप्प बसलो, कारण मला भीती वाटली. मी वेळीच बोललो असतो तर रोग माझ्या एका ओळीत राहिला असता. दुसऱ्या कुणाची चूक नाही.

इथपर्यंत छाप. पुढचं तुझ्यासाठी.

ग्रीनहाऊस धुऊन झालं की तीन महिने मोकळं राहील. त्यानंतर लावायचं की नाही, ते तेव्हा बघू. दारात पाय बुडवायचा ट्रे ठेवला आहे आणि खुंटीवर एक पांढरा कोट टांगला आहे, तुझ्या मापाचा. यायचं तेव्हा मोकळ्या हातानं ये. वही आतच मिळेल, नवी आणून ठेवली आहे. ती बाहेर न्यायची नाही.

आणखी एक कबुली राहिली. तुझे लेख मी वाचत नाही म्हणालो ते खोटं आहे. एकूण एक वाचतो. तो बाहेरच्या फळाचा आणि चाकूचा लेख कापून मी बॉयलरच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, माझ्या बहिणीनं लिहिलाय म्हणून. त्या दिवशी झाडं पुरायला फावडं घ्यायला आत गेलो तेव्हाही तो समोरच होता. तो बाकीच्यांसाठी लिहिला आहे असं मला वाटायचं.

लोभ कमी झाला नसेल तर पत्र लिहावे. झाला असेल तरी लिहावे.

तुझा,
दादा